आतड्यांचे आरोग्य : संकोच सोडून बोलण्याची गरज

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च व कार्यवृत्तांत यांच्या जोडीने एखाद्या आरोग्यविषयाची माहिती असावी, म्हणजे हा अहवाल देणगीदार व विश्वस्त यांच्याबरोबरच रुग्णांच्या घरीही उपयोगी पडतो. या खेपेस आम्ही आतड्यांचा विषय निवडला आहे. विषय नाजूक वाटेल. परंतु त्याविषयी बाळगलेले मौन अनेकांना महागात पडते, म्हणूनच तो निवडला आहे.

मराठी ज्ञानभाषेच्या घडणीत वाईला मानाचे स्थान आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम येथे चालले आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. शरीराच्या अवयवांना आणि व्याधींना नेमके मराठी शब्द मिळवून देण्यात या कार्याचा मोठा वाटा आहे. तेव्हा आतड्यांविषयी बोलण्यास शब्दांची उणीव नाही. उणीव आहे ती मोकळेपणाची. रक्तदाब, मधुमेह यांची चर्चा चारचौघांत होते. शौचाच्या तक्रारी मात्र वडील मुलाला सांगत नाहीत, सासू सुनेला सांगत नाही, आणि डॉक्टरांपुढेही पुष्कळ जण ‘पोट बरे नसते’ एवढ्यावर थांबतात.

आतडी काय काम करतात?

जठरात घुसळले गेलेले अन्न पातळ होऊन थोडेथोडे लहान आतड्यात उतरते. प्रौढ माणसाचे लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असते. यकृतातून आलेले पित्त व स्वादुपिंडाचा रस येथे अन्नात मिसळतात आणि पिष्ट, प्रथिने व स्निग्ध पदार्थ यांचे पचन पूर्ण होते. आतड्याच्या आतल्या अस्तरावर मखमलीसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. त्यांच्यामुळे शोषणाचे क्षेत्र कितीतरी पटींनी वाढते आणि पचलेले अन्न रक्तात जाते.

आपण दिवसाला साधारण दोन लिटर द्रव पितो. परंतु लाळ, जठररस, पित्त आदी स्राव धरून रोज आठ ते नऊ लिटर द्रव लहान आतड्यात येतो. त्यातील बहुतेक भाग तेथेच शोषला जातो. उरलेला सुमारे दीड लिटर द्रव मोठ्या आतड्यात पोहोचतो. दीड मीटर लांबीचे हे आतडे त्यातील पाणी व क्षार परत घेते, आणि मलाबरोबर जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर पाणी बाहेर पडते. या हिशेबात थोडी गडबड झाली तरी अतिसार किंवा बद्धकोष्ठ होतो.

अन्न पुढे सरकते ते आतड्याच्या स्नायूंच्या लाटेसारख्या आकुंचनाने. या हालचालीचे नियंत्रण आतड्याच्या भिंतीतच असलेले मज्जातंतूंचे जाळे करते. त्यात दहा कोटींहून अधिक मज्जापेशी असतात आणि त्यांचा मेंदूशी सतत संपर्क असतो. परीक्षेच्या दिवशी पोटात गडबड होते ती यामुळेच. पोटात अन्न वा चहा गेला की मोठ्या आतड्याला चालना मिळते. सकाळच्या चहानंतर शौचाची भावना होण्याचे हेच कारण. मोठ्या आतड्यात कोट्यवधी उपकारक जिवाणू राहतात. न पचलेल्या तंतूंवर ते जगतात आणि त्या बदल्यात आतड्याच्या अस्तराला पोषण देतात.

नेमाचे म्हणजे काय?

रोज सकाळी एकदा शौचास झालेच पाहिजे, ही समजूत घट्ट आहे. वास्तविक दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंतची कोणतीही सवय निरोगी असू शकते. संख्येपेक्षा दोन गोष्टींना महत्त्व अधिक : मल फार कठीण वा फार पातळ नसावा, आणि स्वतःच्या नेहमीच्या सवयीत अकारण बदल झालेला नसावा. असा बदल तीन-चार आठवडे टिकला, तर तो डॉक्टरांना सांगावा.

बद्धकोष्ठ

आहारात तंतू कमी, पाणी कमी, हालचाल कमी आणि आलेला वेग दाबून ठेवणे ही याची नित्याची कारणे. प्रौढ व्यक्तीने रोज किमान २५ ग्रॅम तंतू आहारातून घ्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या भागाला हे अवघड नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मेथी-शेपूसारख्या पालेभाज्या, मोड आलेली मटकी, कोरेगावचा वाघा घेवडा आणि पेरू हे सारे तंतूंचे उत्तम स्रोत आहेत. ताटातील भाकरीची जागा मैद्याचा पाव व बिस्किटे घेऊ लागली की हे तंतू हरवतात. तंतू वाढवताना ते हळूहळू वाढवावेत आणि पाणीही पुरेसे प्यावे.

वेग दाबून ठेवण्यामागे अनेकदा नाइलाज असतो. ऊसतोडणीच्या हंगामात सातारा-सांगलीच्या फडांवर येणाऱ्या स्त्रिया शौचालय नसल्यामुळे अंधार पडेपर्यंत थांबतात आणि त्यासाठी पाणीही कमी पितात. शाळेतील स्वच्छतागृह बरे नसले, तर मुलीही तेच करतात. येथे औषधाइतकीच गरज दार लागणाऱ्या आणि पाणी असणाऱ्या शौचालयाची असते. लोहाच्या गोळ्या, काही वेदनाशामके, तसेच थायरॉइडचा विकार यांमुळेही बद्धकोष्ठ होतो. म्हणून महिनोन्महिने स्वतःच्या मनाने रेचके घेत राहू नये.

अतिसार

कृष्णेसारखी नदी दाराशी असण्याचे भाग्य वाईला लाभले आहे. परंतु नदीचे पाणी मैल्याने दूषित झाले की तेच रोगाचे वाहन होते. पटकीच्या साथींनी एकेकाळी गावेच्या गावे ओस पाडली; पंढरीच्या यात्रेतही एकोणिसाव्या शतकात ही साथ वारंवार उसळे. गावोगावी दिसणारी मरीआईची ठाणी त्या भयाची साक्ष देतात. पटकीत रुग्ण दगावतो तो जंतूमुळे आतडे कुजल्याने नव्हे, तर शरीरातील पाणी व क्षार काही तासांत निघून गेल्यामुळे.

यावरील उपाय साधा निघाला. अतिसारातही लहान आतड्याची एक क्षमता शाबूत राहते : साखर (ग्लुकोज) आणि मीठ एकत्र दिले, तर ते दोन्ही शोषले जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणीही. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मीठ-सोड्याचे पाणी तयार करून ते रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. आया-बहिणींनी ते घोट-घोट पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते, ते ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२३ साली महालनबीस यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. परंतु त्या छावणीतील शुश्रूषेचे श्रेय नातेवाइकांनाही आहे.

म्हणून प्रत्येक घरात ओआरएसची पुडी असावी. ती नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ विरघळवून द्यावे. मीठ अधिक घालू नये. लहान मुलाचे अंगावरचे दूध व नेहमीचा आहार बंद करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने मुलाला चौदा दिवस जस्ताची गोळीही द्यावी. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, सतत उलट्या होऊ लागल्या किंवा शौचातून रक्त आले, तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

‘मूळव्याध’ या शब्दाआड

या लेखाचा मुख्य हेतू पुढील मजकुरात आहे. शौचातून रक्त गेले की रुग्ण स्वतःच निदान करतो : मूळव्याध. पुष्कळदा ते खरेही असते. गुदद्वाराजवळच्या रक्तवाहिन्यांच्या उशा फुगून मोड येतात आणि ताजे लाल रक्त वेदनेवाचून पडते. तेथील त्वचेला चीर पडली असेल, तर रक्ताबरोबर तीव्र वेदनाही होते. आहारातील बदल, कोमट पाण्यात बसणे व साधी औषधे यांनी यांतील बहुतेक रुग्णांना आराम पडतो.

परंतु मोठ्या आतड्याचा व गुदाशयाचा कर्करोगही प्रथम रक्ताच्याच रूपाने प्रकट होऊ शकतो. तो बहुधा आतड्याच्या अस्तरावरील लहान गाठीपासून सुरू होतो आणि अशा गाठीचा कर्करोग होण्यास सामान्यतः अनेक वर्षे लागतात. दुर्बिणीच्या तपासणीत गाठ वेळीच दिसली, तर ती तेव्हाच काढून पुढील अनर्थ टाळता येतो. भारतात या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे. मात्र आपल्याकडे तो तरुण वयातही आढळतो. त्यामुळे ‘वय लहान आहे, मूळव्याधच असणार’ असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

‘बिनटाक्याचा खात्रीशीर इलाज’ अशा पाटीखाली कोणी न तपासताच लेप वा सुई देत असेल, तर तेथे वर्ष-सहा महिने घालवू नयेत. बोटाने केलेली गुदाशयाची तपासणी एक-दोन मिनिटांत होते आणि तिच्यातूनच अनेक गाठी हाताला लागतात. संकोचापोटी ती नाकारू नये. स्त्री-रुग्णाने तपासणीच्या वेळी परिचारिका वा नातलग सोबत असावी, असे निःशंकपणे सांगावे.

पुढील लक्षणे असतील, तर मूळव्याध असली तरीही अधिक तपासणी करून घ्यावी : मलात मिसळलेले रक्त, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, शौचास होऊनही पोट साफ न झाल्याची सततची भावना, अकारण घटणारे वजन, पुरुषामध्ये किंवा पाळी गेलेल्या स्त्रीमध्ये आढळलेली रक्तक्षयाची लक्षणे, आणि सख्ख्या नात्यात हा कर्करोग झालेला असणे. डांबरासारखा काळा, चिकट मल वरच्या भागातील रक्तस्रावाचे लक्षण असू शकतो. लोहाच्या गोळ्यांनीही मल काळा होतो, म्हणून चालू औषधे डॉक्टरांना सांगावीत.

इतर काही विकार

पोटात कळ येणे, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ, आणि शौचानंतर बरे वाटणे असा प्रकार वर्षानुवर्षे चालतो, पण वजन घटत नाही व रक्त जात नाही, तेव्हा तो बहुधा आतड्याच्या चिडखोरपणाचा विकार असतो. तो त्रासदायक असला तरी जीवघेणा नाही. संध्याकाळचा ताप, वजनातील घट आणि पोटदुखी एकत्र असतील, तर आतड्याच्या क्षयाचा विचार करावा लागतो. लहान व मोठे आतडे जेथे मिळतात, ती जागा या रोगाचे नेहमीचे ठिकाण होय. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात याची औषधे विनामूल्य मिळतात.

बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारी वेदना आंत्रपुच्छाच्या दाहाची असू शकते. पोट फुगणे, उलट्या, आणि वायूही न सरणे ही आतडे अडल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी रेचक किंवा एनिमा देऊ नये, पोट चोळू नये; रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

घरच्यांना व हितचिंतकांना

दुर्बिणीच्या तपासणीसाठी साताऱ्यास किंवा पुण्यास जायचे म्हणजे प्रवासखर्च आला, बुडालेली मजुरी आली आणि सोबतीचा माणूसही आला. रुग्ण ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतो, त्याचे कारण अनेकदा हेच असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रियांचा समावेश आहे. परंतु त्या शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचण्यासाठी आधी निदान व्हावे लागते. देणगीदारांच्या रुपयाचे मोल अशा ठिकाणी, निदानाच्या आधीच्या टप्प्यावर, फार मोठे असते. एखाद्या शाळेला वा फडाला शौचालय मिळवून देणारा माणूसही आमच्या लेखी आरोग्यसेवकच आहे.

घरच्यांकडून आमची अपेक्षा याहून साधी आहे. घरातील वडीलधाऱ्या माणसाला, औषधपाण्याची चौकशी करताना, ‘शौचास नीट होते ना, रक्त वगैरे जात नाही ना?’ एवढे विचारावे. प्रथम दोघांनाही अवघडल्यासारखे होईल. उत्तर ‘हो, जाते’ असे आले, तर त्याच आठवड्यात त्यांना तपासणीस घेऊन यावे.