दह्यातील भरीत व त्याचे पोषणमूल्य

वांग्याचे अथवा लाल भोपळ्याचे दह्यातील भरीत महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत केले जाते. भाकरीबरोबरचे तोंडीलावणे म्हणूनच त्याची गणना होत असल्यामुळे त्याच्या पोषणमूल्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कोरडी भाकरी घशाखाली उतरावी, जिभेला रुची यावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. वस्तुतः ज्या घरातील दोन्ही वेळचे दूध संकलन केंद्रावर जाते, त्या घरातील मुलांच्या वाट्यास येणारे दूध पुष्कळदा या भरितातील दह्याच्या रूपानेच येते. त्यामुळे भरितात दही किती घातले, हा प्रश्न केवळ चवीपुरता राहत नाही.

प्रथम वांग्याचा विचार करू. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेची जी कोष्टके दीर्घकाळ वापरात आहेत, त्यांनुसार १०० ग्रॅम वांग्यात ९२ ग्रॅमहून अधिक पाणीच असते. त्यापासून सुमारे २४ कॅलरी, १.४ ग्रॅम प्रथिने व १८ मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. चिरलेले वांगे काळे पडते, त्या अर्थी त्यात लोह भरपूर असले पाहिजे, असा एक समज आहे. तो खरा नाही. गरातील काही द्रव्यांचा हवेशी संयोग होऊन तो रंग येतो. लोहाचे प्रमाण १०० ग्रॅममागे अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी आहे. वांग्याने भरितास चोथा, मऊपणा व भाजल्याचा खमंग वास मिळतो. पोट साफ राहण्यास चोथा उपयोगी आहे, पण वाढत्या मुलाची हाडे त्यावर पोसली जात नाहीत.

दह्याची गोष्ट निराळी आहे. गाईच्या दुधाच्या १०० ग्रॅम दह्यात सुमारे ३ ग्रॅम प्रथिने, ४ ग्रॅम स्निग्ध पदार्थ व १४९ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. म्हशीच्या दुधात ही तिन्ही द्रव्ये गाईच्या दुधापेक्षा अधिक असल्याने त्याचे दहीही अधिक सकस होते. शिवाय ब-१२ हे जीवनसत्त्व धान्यात, डाळीत वा भाजीपाल्यात नसते. मांस, मासे व अंडी वर्ज्य असलेल्या कुटुंबास ते मुख्यतः दूध, दही व ताक यांतूनच मिळवावे लागते. लोण्यासाठी साय काढून घेतली, तरी त्या दुधाच्या दह्यातील प्रथिने व कॅल्शियम शाबूत राहतात. कमी होतो तो स्निग्धांश आणि त्याबरोबरचे अ जीवनसत्त्व. म्हणून सायीविना लावलेले दही निकस समजण्याचे कारण नाही.

चार माणसांच्या भरिताचा हिशेब करून पाहू. वांग्याचा खाण्याजोगा भाग ४०० ग्रॅम (कच्च्या वजनाने), दही ३०० ग्रॅम, शेंगदाण्याचे कूट ३० ग्रॅम, कोथिंबीर २० ग्रॅम व फोडणीचे तेल १० ग्रॅम घेतले, तर प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे १३५ कॅलरी, साडेपाच ग्रॅम प्रथिने व १४५ मिलिग्रॅम कॅल्शियम येते. सात ते नऊ वर्षांच्या मुलास दिवसाला ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. त्याचा पाचवा हिस्सा या एका पदार्थातून भागतो. आता यातील दही वगळा. कॅल्शियम एकदम ३५ मिलिग्रॅमच्या आसपास उतरते. अर्धे दही व अर्धे पाणी घालून तेवढेच भरीत केले, तर ते ९० मिलिग्रॅमच्या घरात राहते. ताटात पदार्थ तेवढाच दिसतो, खाणाऱ्याचे पोटही भरते, आणि उणीव कोणाच्या ध्यानात येत नाही. २०२४ सालच्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत प्रौढाच्या २००० कॅलरींच्या आहारासाठी दिवसाला ३०० मिलिलिटर दूध अथवा दही सुचविलेले आहे. दूध केंद्रावर नेण्यापूर्वी घरापुरते दूध विरजणासाठी बाजूला काढून ठेवावे. उरले तर ठेवू म्हटल्यास ते सहसा उरत नाही.

खानदेशातील भरिताची रीत वेगळी आहे. तेथे हिरवी, मोठी वांगी काड्यांच्या जाळावर भाजून, मिरची-लसणासह ठेचून तेलात परततात. त्यात दही नसते. जळगावच्या भरिताच्या वांग्यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. या भरिताबरोबर कळण्याची भाकरी खाण्याची प्रथा फार शहाणपणाची आहे, कारण कळण्यात ज्वारीबरोबर उडीद दळलेले असल्याने दोहोंची प्रथिने परस्परांस पूरक ठरतात. कॅल्शियमसाठी मात्र सोबत ताकाचा पेला हवा.

भाजण्यापूर्वी वांग्यास एक-दोन खोल चिरा देऊन आत फळ पोखरणारी अळी नाही ना, हे पाहून घ्यावे. पिकावर औषध फवारले असल्यास, वेष्टनावर सांगितलेले दिवस उलटेपर्यंत त्या शेतातील वांगी विक्रीसाठी तोडू नयेत, तशी घरच्या चुलीसाठीही तोडू नयेत. लाल भोपळा भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी ओतून देण्याऐवजी झाकण ठेवून वाफेवर शिजवावा. त्याचा गर जितका गडद केशरी, तितके त्यात कॅरोटीन अधिक. कॅरोटीन अंगी लागण्यास थोडा स्निग्धांश लागतो. तेलाची फोडणी त्या दृष्टीने योग्यच आहे. गर निवाल्यावर मगच दही मिसळावे, म्हणजे ते फुटत नाही. कोथिंबीर शिजवू नये, वरून कच्चीच घालावी. भाजण्याने वांग्यातील क जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते, त्याची काही भरपाई तिने होते. कुटासाठी बुरशी आलेले, काळपट अथवा कडवट दाणे मुळीच घेऊ नयेत. बुरशीपासून होणारे विष यकृतास घातक असून भाजण्याने ते पुरते जात नाही.

भरीत घट्ट व्हावे म्हणून काही ठिकाणी दही फडक्यात बांधून त्याचा चक्का करतात. अशा वेळी निथळलेले आंबट पाणी मोरीत जाते. त्या पाण्याबरोबर दह्यातील बरेचसे कॅल्शियम व ब गटातील काही जीवनसत्त्वेही जातात. ते पाणी स्वच्छ भांड्यात धरावे आणि त्याच दिवशी कणीक भिजविण्यास, भाकरीच्या पिठात अथवा कढीत वापरावे. भांडे काचेचे, चिनी मातीचे वा पोलादी असावे. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात दही किंवा त्याचे पाणी ठेवल्यास ते कळकते.