गंगातीर आणि तेथील अन्नजीवन

श्रीचक्रधरस्वामींच्या लीळांचे अध्ययन करताना ‘गंगा’ हा शब्द वारंवार येतो. ही गंगा उत्तरेकडील भागीरथी नव्हे. ती गोदावरी होय. पैठण, डोमेग्राम इत्यादी स्थाने याच गंगातीरी आहेत. हा अर्थ ध्यानी न घेतल्यास स्थाननिर्णयात घोटाळा होतो. म्हणून या नदीचा आणि तिच्या काठच्या लोकजीवनाचा परिचय लीळांच्या अभ्यासकाला आवश्यक आहे.

येथे एक शंका संभवते. आपल्या शास्त्राप्रमाणे नदी ही देवता नव्हे आणि मोक्षाचे साधनही नव्हे. ती पंचभौतिक प्रपंचापैकी आहे. तीरावरील स्थान वंदनीय ठरते ते श्रीचरणांच्या संबंधाने, पाण्याच्या योगाने नव्हे. मग नदीचा विचार कशासाठी? याचे समाधान असे की, जीवाचा देह अन्नावर चालतो आणि अन्न पाण्यावर. ज्या जनांमध्ये स्वामींनी विहरण केले, त्यांचे अन्न, व्यवहार आणि भाषा या नदीकाठी घडली. ती जाणल्याविना लीळांतील प्रसंग पुरते उलगडत नाहीत.

गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि सुमारे १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरास मिळते. उगमाजवळ सह्याद्रीचा पाऊस विपुल. म्हणून तेथे भात आणि नागली पिकते. थोडे पूर्वेस येताच पर्जन्यछायेचा प्रदेश लागतो. पाऊस उणावतो, परंतु तेथील खोल काळी जमीन पावसाळ्याचे पाणी पोटात धरून ठेवते. त्या ओलीवरच रब्बीची शाळू ज्वारी थंडीत पिकते. मराठवाड्याच्या ताटात भाकरी आली ती या कारणाने. पुढे आंध्रात नदीला फाटे फुटतात आणि गाळाचा त्रिभुज प्रदेश लागतो. तेथे पुन्हा भात. धवळेश्वर येथे आर्थर कॉटन यांनी १८५२ मध्ये बंधारा पूर्ण केला. त्याच्या कालव्यांनी पूर्वी दुष्काळाने गांजलेला तो प्रदेश भाताचे कोठार झाला. नदी एकच, परंतु पाऊस, जमीन आणि मनुष्याचा उद्यम यांच्या भेदाने अन्न भिन्न झाले.

इतिहासाचेही असेच आहे. पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणचा उल्लेख असून, तेथून गोमेद भडोचच्या बंदरी जात असे म्हटले आहे. हाल सातवाहनाच्या नावे असलेल्या गाथासप्तशतीत महाराष्ट्री प्राकृतात गोदाकाठचे ग्रामजीवन आले आहे. पुढील काळात राजसत्ता संस्कृताला मान देत असतानाही या काठी लोकभाषेची परंपरा जिवंत राहिली. स्वामींनी निरूपणासाठी मराठी स्वीकारली आणि नागदेवाचार्यांनी ग्रंथरचनेत तीच राखण्याचा आग्रह धरला, तो सामान्य स्त्रीपुरुषांना शास्त्र अंतरू नये म्हणून. त्यांच्या मुखी असलेली भाषा शास्त्राची भाषा झाली.

आता वर्तमानाचा विचार करू. प्रवरेवर भंडारदरा धरण १९२६ मध्ये झाले. कालव्यांच्या पाण्याने वरच्या खोऱ्यात ऊस वाढला आणि १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याने अनेक कुटुंबांचे दारिद्र्य हटले, हे मान्य केले पाहिजे. खाली पैठणला जायकवाडीचे धरण १९७६ मध्ये पूर्णत्वास गेले. मात्र त्याचा जलाशय भरणे वरून येणाऱ्या पाण्यावर अवलंबून आहे. अवर्षणाच्या वर्षी वरचा काठ आणि खालचा काठ यांत कलह उत्पन्न होतो. समन्यायी वाटपासाठी २००५ मध्ये कायदा झाला, तरी वाद न्यायालयापर्यंत गेला. २०१६ च्या उन्हाळ्यात तर नाशिकचे रामकुंडही कोरडे पडले. ज्या पाण्यात स्नानाने पुण्य मानतात, तेच तेथे उरले नाही.

ज्वारी अल्प ओलीवर येते, उसाला बारमाही पाणी लागते. म्हणजे काठावर काय पेरावे हा निर्णय एकट्याच्या शेतापुरता राहत नाही. खालच्या गावी प्यायला पाणी उरेल की नाही, हेही त्यातच ठरते. आपल्या धर्मात अहिंसा मुख्य आहे. शस्त्राने केलेली हिंसा दिसते. वाट्याहून अधिक पाणी अडवल्याने दूरच्या जीवाला झालेली पीडा दिसत नाही, परंतु ती पीडाच होय. वासनिक बंधूंपैकी बहुतेक कृषीवल आहेत, त्यांनी याचा अवश्य विचार करावा. भिक्षुकांनीही हे ध्यानी धरावे की, झोळीत पडणारी चतकोर भाकरी दात्याच्या श्रमांची आहे, तशीच त्या वर्षीच्या ओलीचीही आहे. अवर्षणात देणाऱ्याच्याच घरी उणे असते. तेव्हा मिळाले तेवढ्यात संतोष मानावा आणि अन्नाचा कण वाया जाऊ देऊ नये.

सारांश, नदीला देवता मानू नये, तशी तिची उपेक्षाही करू नये. ती जीवांच्या निर्वाहाचे सामाईक साधन आहे, आणि सामाईक साधनाचा उपयोग दुसऱ्याचा वाटा राखूनच करावा. गंगातीरीच्या स्थानांना नमस्कार करणाऱ्याने त्या तीरावरील जीवांचाही विचार करावा, हे उचित होय. दंडवत प्रणाम.