ग्रंथालयातील कथन, गायन आणि आदिवासी इतिहास : जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात

सार्वजनिक ग्रंथालयाचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने मुद्रित ग्रंथाच्या अनुषंगाने झालेला आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली संमत झाला आणि शासनमान्य ग्रंथालये तालुक्याच्या गावांपलीकडे खेड्यांपर्यंत पोचली. ग्रंथदिंडी, व्याख्यान, कथाकथन, कविसंमेलन, लोककलांचे सादरीकरण असे उपक्रम या ग्रंथालयांतून होत असतात; जिल्हा पातळीवरील ग्रंथोत्सवाचे स्वरूपही साधारणतः असेच असते. ज्या प्रदेशाचे वाङ्मय बव्हंशी मौखिक आहे, त्या प्रदेशात अशा उपक्रमांचे वाङ्मयीन मूल्य कोणते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके विचारार्थ घेतले आहेत.

या तालुक्यांचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग सहज वेगळे दिसतात. पूर्वेकडे नारायणगाव, मंचर यांसारखी बाजारपेठेची, बागायतीची गावे. पश्चिमेकडे कुकडी, मीना आणि घोड या नद्यांची डोंगराळ खोरी. या खोऱ्यांत महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी या जमातींची वस्ती आहे. भातशेती, हिरड्याची वेचणी, दिवाळीच्या तोंडावर येणारी वाघबारस हे त्यांच्या वर्षचक्रातील टप्पे होत. पूर्व भागाच्या लोककलेला प्रतिष्ठा व प्रसिद्धी दोन्ही लाभली आहेत. नारायणगाव हे तमाशाचे मोठे केंद्र आहे आणि विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. साहजिकच, ‘प्रादेशिक कथा व संगीत’ म्हटले की तमाशा व लावणी चटकन आठवतात. ठाकरांचा कांबड नाच किंवा महादेव कोळ्यांची लग्नातील गाणी मागाहून, आणि पुष्कळदा केवळ रंजनाचा भाग म्हणून येतात.

यामागे केवळ आयोजकांची आवडनिवड नाही. ग्रंथालयाच्या मांडणीतच त्याची काही कारणे आहेत. दशांश वर्गीकरण पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा क्रमांक आहे. लोककथेचे स्थान मात्र ३९८ येथे, म्हणजे सामाजिक शास्त्रांच्या वर्गात, चालीरीतींच्या शेजारी. संगीत ७८० मध्ये आणि भारताचा इतिहास ९५४ मध्ये. म्हणजे खोऱ्यातील एखादी वृद्ध स्त्री देवीची कथा सांगता सांगता गाऊ लागली आणि गाता गाता आपल्या कुळाचे मूळ गाव सांगू लागली, तर तिच्या एकाच निवेदनाचे तुकडे तीन कपाटांत ठेवावे लागतील. आणि साहित्याच्या कपाटात त्यांपैकी एकही असणार नाही. मौखिक परंपरेत जे एकजीव आहे ते ग्रंथालयात विभक्त होते. कथन, गायन व इतिहास यांना एकत्र आणणारा उपक्रम ही फाळणी काही तासांपुरती मिटवतो. त्याचे पहिले मूल्य येथे आहे.

दुसरे मूल्य इतिहासाच्या संदर्भातील आहे. आंबेगाव तालुक्यातील जांभोरीच्या होनाजी केंगले याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८७३ च्या सुमारास त्याने सावकारांविरुद्ध उठाव केला. पुण्यापासून नाशिकपर्यंतच्या डोंगरी मुलखात त्याचा दबदबा होता आणि १८७६ मध्ये तो मेजर डॅनियल याच्या हाती लागला. वसाहतकालीन गॅझेटिअरमध्ये ही हकिगत आहे, परंतु तिचा सूर बंदोबस्ताच्या अहवालाचा आहे : टोळी, दरोडे, कापलेली नाके, जाहीर झालेले इनाम. १८७५ सालचे सुप्याचे दंगे ‘दख्खनचे दंगे’ म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहेत. त्याच वर्षांत, त्याच सावकारीविरुद्ध डोंगरात चाललेला हा उठाव त्या मानाने उपेक्षित राहिला. जमातीच्या स्मृतीत होनाजी हा दरोडेखोर नसून क्रांतिकारक आहे. ग्रंथालयात त्याची कथा सांगितली जाते तेव्हा कपाटातील गॅझेटिअर आणि समोरचा निवेदक यांच्यात एक वाद उभा राहतो. अभ्यासकाने कोणत्याही एका बाजूचा निकाल घाईने देऊ नये. लिखित साधन तारखा व नावे देते. मौखिक साधन उठावाचा अर्थ सांगते. दोन्ही एकाच छपराखाली तपासता येणे ही ग्रंथालयाची खास सोय होय.

लिखित आणि मौखिक यांच्यातील सीमा वाटते तितकी पक्कीही नाही. मोगल अमलात शिवनेरीच्या परिसरात कोळ्यांचा शिरच्छेद झाला आणि त्या जागी चौथरा बांधला गेला, ही कथा जुन्नर भागात आजही सांगितली जाते. तीच गॅझेटिअरमध्येही नोंदली गेली आहे. कॅप्टन मॅकिंटॉश याने महादेव कोळ्यांविषयीचा आपला वृत्तांत १८३७ साली प्रसिद्ध केला. अशा वृत्तांतांतील पुष्कळसा मजकूर मुळात कोणाच्या तरी तोंडून ऐकलेलाच असतो. सांगणाराचे नाव गळाले आणि ऐकणाराचे राहिले, एवढाच काय तो फरक. पुढे डॉ. गोविंद गारे यांनी ‘सह्याद्रीतील आदिवासी महादेव कोळी’ हा ग्रंथ लिहिला तेव्हा या परंपरेला एक महत्त्वाचे वळण मिळाले. जुन्नर तालुक्यातील निमगिरीचा, त्याच समाजातील अभ्यासक आता लिहिता झाला होता.

परंतु अशा उपक्रमांची मर्यादाही येथेच स्पष्ट होते. कार्यक्रम संपतो, सत्काराचा नारळ व शाल दिली जाते, इतिवृत्तात ‘लोककलांचे सादरीकरण झाले’ एवढी ओळ येते. कोणती कथा, कोणत्या वाडीतली, सांगणाराने ती कोणाकडून ऐकली, याचा मागमूस राहत नाही. ग्रंथ आला की दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो. कथा आली तर मिळत नाही. या उणिवेची किंमत आंबेगाव तालुक्याला चांगली ठाऊक असावी. तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे, ते आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. गाव बुडते तेव्हा शेतांची, पाणवठ्यांची, देवराईंची नावेही बुडतात, आणि त्या नावांना बिलगलेल्या कथांचा आधार सुटतो. आज ती नावे ज्यांना तोंडपाठ आहेत, ती माणसे वृद्ध आहेत. येथे विलंब परवडणारा नाही.

नोंद कशी करावी याचा वस्तुपाठ पुणे जिल्ह्यातच उपलब्ध आहे. साने गुरुजींच्या ‘स्त्री जीवन’ या संग्रहात ओव्यांची मांडणी विषयवार आहे. तेथे ओवी समूहाची म्हणून येते. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचे जे संकलन उभे केले, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या असून गाणारणीचे नाव व गाव ओवीबरोबर राखण्याचा कटाक्ष आहे. पहिल्या पद्धतीत लोकमानस दिसते, दुसरीत व्यक्तीही दिसते. ग्रंथालयाने दुसरी पद्धत स्वीकारावी. प्रत्येक सादरीकरणाचे ध्वनिमुद्रण, त्यासोबत दिनांक, गाव, वाडी, निवेदकाचे नाव, कथेची परंपरा, ती सांगण्याचा मूळ प्रसंग आणि श्रोत्यांनी मध्येच केलेल्या दुरुस्त्या, एवढी नोंद पदव्युत्तर विद्यार्थी सहज करू शकतील. बोलीचे प्रमाणीकरण मात्र त्यांनी कटाक्षाने टाळावे.

यात परवानगीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. विशिष्ट विधीच्या वेळीच म्हणावयाचे गाणे व्यासपीठावर म्हणावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार गाणाऱ्यांचा आहे. ऑस्ट्रेलियात आदिवासींविषयीच्या साहित्याच्या हाताळणीसाठी ग्रंथालयांची आचारसंहिता १९९५ मध्ये तयार झाली. गुप्त अथवा पवित्र मानलेल्या सामग्रीच्या बाबतीत संबंधित समाजाचा सल्ला घ्यावा, असे तिचे सूत्र आहे. युनेस्कोच्या १९९४ च्या जाहीरनाम्यानेही मौखिक परंपरेला साहाय्य करणे हे सार्वजनिक ग्रंथालयाचे एक कार्य मानले. तेव्हा ही मागणी ग्रंथालयाच्या कक्षेबाहेरची आहे, असे म्हणता येणार नाही. मुद्रणाची एक प्रत निवेदकाच्या वाडीत, तेथील शाळेत परत जावी, हेही त्याच कर्तव्याचे अंग होय.

९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन आणि १२ ऑगस्ट हा डॉ. रंगनाथन यांचा जन्मदिन, म्हणजे ग्रंथपाल दिन. दोहोंत अंतर तीन दिवसांचे आहे. पहिल्या दिवशी ऐकलेले चौथ्या दिवशी नोंदवहीत यावे, एवढी शिस्त एखाद्या तालुका ग्रंथालयाने आणि नजीकच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाने मिळून पाळली, तरी काही वर्षांत अभ्यासयोग्य असा साधनसंग्रह तयार होईल. ग्रंथालयातील उत्सवाचे मोल श्रोत्यांच्या संख्येवरून ठरविण्याची आपली सवय आहे. जुन्नर-आंबेगावसारख्या प्रदेशात ते दाखल नोंदवहीत नव्याने पडलेल्या क्रमांकांवरून, आणि त्या क्रमांकांपुढे लिहिलेल्या निवेदकांच्या नावांवरून ठरविले पाहिजे.