घरातील ऊर्जा : एक हिशेब

(द्वितीय वर्ष कला)

दरवर्षी १४ डिसेंबर हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी ‘वीज वाचवा’ असे फलक लागतात, निबंधस्पर्धा होतात आणि ‘खोलीबाहेर पडताना दिवा बंद करा’ हा उपदेश पुन्हा एकदा कानांवर पडतो. उपदेश चांगलाच आहे. परंतु घरातील ऊर्जा नेमकी कशात खर्च होते हे न पाहता केलेली काटकसर म्हणजे रांजणाला तळाशी भोक असताना वरचे झाकण घट्ट बसवण्यासारखे आहे. प्रस्तुत लेखात हा हिशेब मांडण्याचा अल्पसा प्रयत्न केला आहे. त्यासाठी दोन खोल्यांचे, पत्र्याच्या छपराचे, चूल आणि गॅस दोन्ही असलेले खेड्यातील घर डोळ्यांसमोर ठेवले आहे. आपल्यापैकी अनेकजण अशाच घरांतून या महाविद्यालयात येतात. मीही तशाच घरातून येते.

विजेचा हिशेब

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. उपकरणावर वॅटचा आकडा छापलेला असतो. तो आणि वापराचे तास माहीत असले की कोणालाही हा गुणाकार करता येतो.

जुना पिवळा बल्ब ६० वॅटचा असे. त्यात जाणाऱ्या विजेचा नऊ-दशांशाहून अधिक भाग उष्णतेत वाया जाई. रोज पाच तासांप्रमाणे असा एक बल्ब महिन्याला ९ युनिटे खाई. जवळपास तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी बल्ब दीड युनिटाहूनही कमी घेतो. २०१५ साली सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या ‘उजाला’ योजनेपासून हे दिवे स्वस्तात मिळू लागले आणि खेड्यापाड्यांत पोहोचले. आज घरात असे चार दिवे रोज पाच तास लावले तरी महिन्याला साडेपाच युनिटांच्या आतच काम भागते.

आता पंख्यांकडे वळू. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅटचा असतो. दोन पंखे रोज बारा तास फिरले, तर महिन्याला ५४ युनिटे होतात. म्हणजे चारही दिव्यांच्या दहापट! पाणी तापवण्याच्या रॉडची गोष्ट तर याहून निराळी. वीस लिटरच्या एका बादलीतील पाणी वीस अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटाला थोडी कमी वीज लागते. घरात चार माणसे आणि रोज चार बादल्या धरल्या, तर महिन्याला सुमारे ५६ युनिटे झाली.

उन्हाळ्यात पंखे आणि हिवाळ्यात रॉड, असा हा खर्च आहे. त्यात टीव्ही, फ्रिज, मिक्सर यांची भर पडली की शंभरी सहज ओलांडते. घरगुती वीजदरात १०० युनिटांपुढच्या टप्प्याला दर अधिक असतो. त्यामुळे वाचवलेले युनिट प्रथम महागड्या टप्प्यातून कमी होते, ही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे.

या हिशेबाचा आणखी एक अर्थ आहे. घरात काटकसरीचा विषय निघाला की पहिली नजर जाते ती अभ्यासाच्या दिव्यावर. ‘किती वेळ दिवा जाळतेस?’ हे वाक्य आमच्या पिढीतील कितीतरी मुलींनी ऐकले आहे. ९ वॅटचा दिवा रोज रात्री तीन तास लावून महिनाभर वाचले, तरी एक युनिट भरत नाही. दोन बादल्या पाणी तापवायला त्याहून अधिक वीज लागते! दिवा डोळ्यांना दिसतो, म्हणून तो खर्चिक वाटतो. उष्णता दिसत नाही, म्हणून ती हिशेबातून सुटते.

छप्पर

मराठवाड्यातील जुनी माळवदे आणि जाड मातीच्या भिंती दिवसाचे ऊन सावकाश शोषून घेत, त्यामुळे ऐन दुपारी आत गारवा राही. मात्र माळवदाला दरवर्षी माती-डागडुजी लागते आणि पावसाळ्यात ते गळते. म्हणून लोक पत्र्याकडे वळले, यात त्यांना दोष देता येणार नाही. पत्रा मात्र पाहता पाहता तापतो. पंखा हवा थंड करीत नाही, तो केवळ अंगावरचा घाम वाळवतो. तापलेल्या पत्र्याखाली फिरणारा पंखा वरची गरम हवाच खाली ढकलतो.

तेव्हा पंखा बदलण्याआधी छपराचा विचार केला पाहिजे. उन्हाळ्यापूर्वी पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात दिला तर बरेचसे ऊन परत फेकले जाते. मांडव घालून दोडक्याचा किंवा भोपळ्याचा वेल छपरावर चढवला तर सावली मिळते आणि भाजीही. समोरासमोर खिडक्या किंवा झरोके ठेवल्यास वारा खेळता राहतो. पुढे पंखा बदलण्याची वेळ आलीच, तर सुमारे ३० वॅटचे बीएलडीसी पंखे मिळतात. वर सांगितलेल्या ५४ युनिटांच्या ठिकाणी २२ युनिटांत भागते. किंमत जास्त असल्याने निदान एक पंखा तरी तसा घ्यावा.

चूल

विजेचे बिल येते, म्हणून विजेची चर्चा होते. सरपणाचे बिल येत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात कर्नाटकातील खेड्यांच्या ऊर्जावापराचा अभ्यास केला. खेड्यातील ऊर्जेचा सर्वात मोठा वाटा सरपणाचा असतो, ते मुख्यतः स्वयंपाकाला लागते आणि ते गोळा करण्याचे कष्ट प्रामुख्याने स्त्रिया व मुले करतात, असे त्यातून दिसले.

तीन दगडांच्या चुलीत जाळाची साधारण एक-दशांश उष्णताच भांड्याला मिळते, बाकीची वाऱ्यावर जाते. आपल्या आजी-पणजींना हे ठाऊक होते. चुलीला जोडलेला वैल म्हणजे वाया जाणाऱ्या आचेवर दुसरे भांडे ठेवण्याची सोयच. बंबातही जळण मधल्या नळीत आणि पाणी सभोवती असते, म्हणून उघड्या हंड्यापेक्षा त्याला सरपण कमी लागते.

शासनाने १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला व तो २००२ साली बंद झाला. अनेक चुली तडकल्या, धुराडी साफ झाली नाहीत, काही चुली स्थानिक स्वयंपाकाला सोयीच्या नव्हत्या. रोज चुलीपुढे बसणारीला विचारल्याशिवाय चूल सुधारत नाही, हा धडा त्यातून घेता येतो. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅस आला. परंतु भरलेली टाकी दरवेळी परवडतेच असे नाही, म्हणून गॅसशेजारी चूल अजून पेटते.

अशा घरात बिनपैशाचे उपायही पुष्कळ आहेत. डाळ-कडधान्ये भिजत घालावीत, भांड्यावर झाकण ठेवावे, पाण्याला उकळी आली की आच कमी करावी, कारण उकळते पाणी अधिक आचेने अधिक तापत नाही. त्याची फक्त वाफ होते. सरपण वाळवून, बारीक फोडून वापरावे. धूर म्हणजे न जळलेले जळणच होय. तो डोळ्यांत आणि छातीत जातो, तेव्हा नुकसान दुहेरी असते.

समारोप

ऊर्जेची काटकसर म्हणजे सोयींचा त्याग नव्हे. सरपण निम्मे झाले तर आईच्या डोक्यावरचा भाराही निम्मा होतो, आणि तो वेळ तिचा स्वतःचा होतो. माझ्या आईला शाळेत जाता आले नाही, पण दोन बादल्या आणि महिन्याभराचा दिवा यांची तुलना तिला ऐकताक्षणीच पटली. विद्यार्थिमित्रांनी येत्या सुट्टीत घरातील प्रत्येक उपकरणावरचा वॅटचा आकडा वहीत उतरवून हा गुणाकार करावा, आठवडाभर लागणारे सरपण एकदा तरी वजनकाट्यावर ठेवावे आणि तो हिशेब घरच्या वडीलधाऱ्यांपुढे मांडावा. आपल्या पाठ्यपुस्तकातील ‘साधनसंपत्तीचा पर्याप्त वापर’ हे प्रकरण त्यातून अधिक चांगले समजेल, असे मला वाटते.