गोधडीचा गोट लवकर का फाटतो?

प्रश्न : सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्यांची गोधडी मी हाताने शिवली. दोनच वर्षांत कडेचा गोट विरला. मधला भाग मात्र धड आहे. गोटही लुगड्याचाच होता. आता जीन्सचं जाड कापड लावू का?
— एक वाचिका, सातारा

उत्तर : ताई, तुमच्या शिवणीत दोष नाही. गोधडी ओढताना, धुताना, पिळताना सगळी घासणी कडेवर येते. वापरून विरलेलं कापड तिथे तग धरत नाही.

पण जाड म्हणजे टिकाऊ, असंही नाही. जीन्सच्या घड्यांत हातसुई अडते, कोपरे फुगतात आणि ताठ घडीची धार आधी झिजते. त्यापेक्षा घट्ट विणीचं, मऊ, नवं सुती कापड घ्या; पॉपलीन किंवा केंब्रिक चालेल. उजेडासमोर धरून वीण विरळ दिसली, तर ते नको. सॅटीनही टाळा, ते घसरतं आणि त्याचे धागे सुटतात.

6 सेंटिमीटर रुंदीची पट्टी लांबीत दुमडून दुहेरी लावा. पट्टी उरेब कापलीत तर कडेची झीज एकाच धाग्यावर येत नाही आणि गोल कोपऱ्यांवरही ती छान वळते. कापड थोडं जास्त लागेल, इतकंच.

शिवण्याआधी कापड धुवा, नाहीतर नंतर आटून कड चुण्या धरेल. गडद रंगावर ओला पांढरा रुमाल घासून पाहा. रंग उतरला तर दुसरं निवडा.

जुना गोट उसवायलाच हवा असं नाही. त्यावरूनच थोडी रुंद पट्टी चढवा. सासूबाईंचं लुगडं आत सुखरूप राहील.