लोहाराने दिलेली वाट : कान्हेरीच्या पदयात्रेचा अभ्यास



आपल्या वाशीहून एका दिवसात जाऊन येता येईल असे प्राचीन बौद्ध संस्कृतीचे सर्वांत मोठे केंद्र म्हणजे कान्हेरीची लेणी होत. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील अरण्यात, एकाच डोंगरावर शंभरांहून अधिक लेणी कोरलेली आहेत. इसवी सनाच्या आरंभीच्या सुमारास येथे खोदकाम सुरू झाले आणि पुढे जवळपास हजार वर्षे भिक्खुसंघ येथे नांदला. प्राकृत शिलालेखांत या स्थळाला ‘कण्हसेल’, तर संस्कृत लेखांत ‘कृष्णगिरी’ म्हटले आहे. दोहोंचा अर्थ काळा डोंगर. डोंगराचा काळा बेसाल्ट पाहिला की हे नाव सहज उलगडते.

पदयात्रेला निघण्यापूर्वी ज्या वाटेने आपण जाणार, तिचाच थोडा अभ्यास करू.

वाट

उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून लेण्यांपर्यंतचे अंतर सुमारे सहा किलोमीटर आहे. दाट झाडी, ओढे, मधूनमधून वानरांचे कळप आणि आदिवासी पाडे अशी ही चाल आहे. आजचा रस्ता डांबरी असला, तरी लेण्यांपाशी पोहोचल्यावर खडकात कोरलेल्या पायऱ्या लागतात. त्या एका लेण्यातून दुसऱ्या लेण्याकडे, खालच्या थरातून वरच्या थराकडे नेतात.

कान्हेरीच्या दानलेखांपैकी एक लेख अगदी लहान आहे. कल्याणच्या नंद नावाच्या ‘कमारा’ने, म्हणजे लोहाराने, काय दान दिले त्याची ही नोंद. त्याने दिलेली वस्तू आहे ‘पथ’. चैत्यगृह किंवा मूर्ती देण्याइतकी त्याची ऐपत नसेलही, परंतु ज्या खडकात लोखंडी छिन्नीवाचून एक पाऊलही पुढे पडत नाही, तेथे एका लोहाराने वाट द्यावी, यात मोठे औचित्य आहे.

दाते

तिसऱ्या क्रमांकाचे भव्य चैत्यगृह गजसेन व गजमित्र या व्यापारी बंधूंनी करविले. तेथील लेखात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे नाव येते. परंतु येथील बहुसंख्य दाते राजे नाहीत. सोपारा, कल्याण, चौल, नाशिक येथील व्यापारी, कारागीर, गृहस्थ, उपासिका, भिक्खू आणि भिक्खुणी यांची नावे या डोंगरावर आहेत. एका लेखात ‘मंगलस्थान’ या गावचे शेत संघाला दिल्याची आणि त्याच्या उत्पन्नातून वर्षावासातील भिक्खूंना चीवर मिळावे अशी व्यवस्था केल्याची नोंद आहे. हे गाव म्हणजे बोरिवलीजवळचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. नवव्या शतकात गौड देशातून, म्हणजे बंगालकडून, आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकानेही येथे दान दिले. त्याच शतकातील दुसऱ्या एका लेखात पूजा, डागडुजी आणि चीवर यांच्या बरोबरीने पुस्तकांसाठीही रक्कम ठेवलेली आढळते. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलांनी ही ओळ विशेष लक्षात ठेवावी.

पाणी

कान्हेरीत जवळजवळ प्रत्येक लेण्याजवळ पाण्याची पोढी आहे. पावसाचे पाणी खडकात कोरलेल्या पन्हळींतून पोढीत उतरते आणि उन्हाळ्यासाठी साठून राहते. यांपैकी एक पोढी कल्याणच्या स्वामिदत्त नावाच्या सोनाराने दिली.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे सावधही राहावे. या पोढ्या भिक्खुसंघासाठी होत्या. त्या काळच्या गावपाणवठ्यावर कोणाला पाणी मिळत होते आणि कोणाला नव्हते, याचा निवाडा एवढ्या लेखांवरून करता येणार नाही. तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे. लोहाराने दिलेल्या वाटेवरून स्थविर चालले, सोनाराने दिलेल्या पोढीतले पाणी संघ प्याला, आणि दात्यांनी आपला व्यवसाय न लपविता तो दगडात कोरून ठेवला. हाताने काम करणारा माणूस येथे नावानिशी उभा आहे.

पुढे याच कोकणात असा काळ आला की माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते असे मानले गेले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या समजुतीला आव्हान दिले. कान्हेरीची पोढी आणि महाडचे तळे एकत्र वाचले, म्हणजे आपण काय गमावले होते आणि बाबासाहेबांनी काय परत मिळवून दिले, हे उमगते.

पदयात्रेची तयारी

वाशीहून हार्बर मार्गाने कुर्ला, तेथून दादर आणि पुढे पश्चिम रेल्वेने बोरिवली असा प्रवास करावा. उद्यान सोमवारी बंद असते. सकाळी लवकर निघावे, पाणी जवळ बाळगावे, वानरांना खाऊ घालू नये. बिबट्यांचे हे जंगल आहे, म्हणून गट सोडून आडवाटेला जाऊ नये.

प्रथम तिसरे लेणे पाहावे. तेथील व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना तथागतांच्या सुमारे सात मीटर उंचीच्या उभ्या मूर्ती आहेत. त्यानंतर अकराव्या लेण्यातील लांब दगडी बाके पाहावीत. नव्वदाव्या लेण्यात अवलोकितेश्वराचे शिल्प आहे. संकटात सापडलेले प्रवासी त्याचा धावा करीत आहेत. त्याच लेण्यात सन १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी यात्रेकरूंनी पहलवी लिपीत आपली नावे कोरली आहेत. दुसऱ्या धर्माची माणसेही इथवर आली होती, याचा हा पुरावा आहे. मात्र आपण स्वतःचे नाव कोठेही कोरू नये. हे संरक्षित स्मारक आहे.

आपली यात्रा नवस फेडण्यासाठी नाही. ज्यांनी हा डोंगर घडविला त्यांची नावे वाचण्यासाठी आपण जातो, आणि त्यासाठी धम्मलिपीची निदान दहा अक्षरे शिकून निघावे.

स्वाध्याय

१. एका पोढीचे निरीक्षण करून तिच्यात पाणी कोणत्या बाजूने येते, याची आकृती काढा.
२. कान्हेरीच्या दात्यांचे व्यवसाय व गावे यांची यादी करा. ती गावे नकाशावर दाखवा.
३. तुमच्या आजी-आजोबांच्या गावी पाणवठा कोणासाठी खुला होता, ते त्यांना विचारून लिहा.
४. लोहार नंदाने वाट दिली. आपल्या मागून येणाऱ्या मुलांसाठी तुम्ही काय देऊ शकाल?