ओढ दोघांची

आमच्या रात्रीच्या वर्गाला मार्केट यार्डातले एक हमालकाका येतात. वय पन्नाशीच्या पुढे. दिवसभर पोती वाहायची आणि रात्री पाटी घेऊन बसायचे, हा त्यांचा नेम. एके दिवशी ते वाकूनच आत आले. पाठ धरली होती. बसता बसता म्हणाले, "गुरुजी, जन्म गेला वजन उचलण्यात. पण वजन म्हणजे काय, ते कुणी सांगितलं नाही."

त्या दिवशीचा धडा आम्ही बाजूला ठेवला.

आम्ही हातातला खडू सोडला. तो खाली पडला. वर का गेला नाही? कारण पृथ्वी त्याला आपल्याकडे ओढते. या ओढीला गुरुत्वाकर्षण म्हणतात. पोत्याचे वजन म्हणजे ही ओढच. तुम्ही पोते वर उचलता आणि पृथ्वी ते खाली ओढते. त्या ओढाताणीत पाठ दमते.

पृथ्वीत अशी शक्ती आहे, हे भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणि' या ग्रंथात लिहून ठेवले आहे.

काकांनी मान हलवली. मग म्हणाले, "पृथ्वी पोत्याला ओढते. मग पोतं पृथ्वीला ओढत नाही व्हय?"

आम्ही क्षणभर गप्प झालो. शाळेत आम्ही वर्षानुवर्षे 'पृथ्वी वस्तूला ओढते' एवढेच सांगत आलो. ती अर्धीच गोष्ट होती. काकांनी नेमके उरलेल्या अर्ध्यावर बोट ठेवले.

ती पुरी गोष्ट इंग्लंडच्या न्यूटनने १६८७ साली मांडली. जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला ओढते. पृथ्वी पोत्याला जितक्या जोराने ओढते, तितक्याच जोराने पोतेही पृथ्वीला ओढते. रतीभरही कमी नाही.

मग पृथ्वी का हलत नाही? असे समजा, की एक रिकामी हातगाडी आणि एक भरलेला ट्रक यांच्यामध्ये दोर बांधला आणि तो आवळला. ओढ दोन्हीकडे सारखीच. पण सरकते कोण? हातगाडी. पृथ्वी तर केवढी जड! तिचे वस्तुमान किलोत लिहायचे, तर ६ वर २४ शून्ये द्यावी लागतात. तीही हलते, पण इतकी थोडी, की कोणालाही कळणार नाही.

एका मावशींनी विचारले, "मग आपण शेजारी बसलोय, तर एकमेकींना का चिकटत नाही?" ओढ तिथेही आहे, पण फार थोडी. एका मीटरवर बसलेल्या दोन माणसांमधली ओढ एका डासाच्या वजनाहूनही जवळपास शंभर पट कमी भरते. तरी ती मोजता येते. १७९८ साली कॅव्हेंडिश या शास्त्रज्ञाने शिशाचे गोळे टांगून अशी ओढ मोजली.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. वस्तू जितक्या भारी, तितकी ओढ जास्त. अंतर वाढले, की ओढ कमी. अंतर दुप्पट झाले, तर ओढ चौथाई उरते. चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. तरीही त्याच्या ओढीने कोकणच्या समुद्राला भरती येते.

आपल्या पुण्यातच पाहा. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने शहरातल्या हौदांत आणले. पंप नव्हता, वीज नव्हती. कात्रज उंचावर आणि पेठा सखल. नळाला बेताचा उतार दिला. बाकीचे काम पृथ्वीने केले.

हीच ओढ घातही करते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले. ते पाणी उताराने धावत मुठेकाठच्या पेठांत शिरले. हजारो संसार वाहून गेले. ओढ तीच होती. तिला माणसाने घातलेला बांध टिकला नाही.

म्हणून ही ओढ ओळखून वागावे. भरलेली बादली हात लांब करून धरून पाहा. लगेच हात भरून येतो. तीच अंगाशी धरा, सोपी वाटते. वजन तेवढेच असते. पण ते अंगापासून जितके लांब, तितका कमरेवर ताण जास्त. तेव्हा पोते उचलताना कमरेत वाकू नका. गुडघे मोडून बसा आणि पोते अंगालगत घेऊन उठा. पाठ दुखत असेल, तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवा.

काका जाताना दारात थांबले. हसून म्हणाले, "म्हणजे गुरुजी, इतकी वर्षं मी पण पृथ्वीला ओढतोच आहे की!"

"तेवढ्याच जोराने," आम्ही म्हणालो.

सांगा पाहू :
१. वजन म्हणजे काय?
२. पोते पृथ्वीला ओढते का? किती जोराने?
३. कात्रजचे पाणी पंपाशिवाय पुण्यात कसे आले?
४. जड वस्तू अंगालगत का धरावी?

लिहून काढा : ओढ, उतार, वजन, अंतर, गुरुत्वाकर्षण.